मिलवॉकीचा वाद, नागपूरचे गुणपत्रक

अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी मागणाऱ्या आठ इच्छुकांचा पहिला दूरचित्रवाणी वाद २३ ऑगस्ट २०२३ रोजी विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी शहरात झाला. त्याचे चित्रमुद्रण आमच्या धरमपेठेतील वादविवाद मंडळात नव्या विद्यार्थ्यांना अजूनही दाखवले जाते आणि महाविद्यालयीन स्पर्धांत परीक्षक म्हणून बसणाऱ्या आम्हा मंडळींमध्ये त्यावरून दर वेळी मतभेद होतात. हा कार्यक्रम पाहावा का, आणि पाहिलाच तर उमेदवारांना गुण कशाचे द्यावेत, एवढ्यासाठी हे परीक्षण लिहीत आहे. कार्यक्रम म्हणून मी त्याला पाचपैकी तीन तारे देते. त्यांतला एक तारा वाहिनीचा नाही. तो व्यासपीठावरच्या दोन-तीन माणसांनी सभागृहाचा रोष पत्करून कमावलेला आहे.

प्रक्षेपण फॉक्स न्यूज या वाहिनीचे होते आणि रंबल या व्हिडिओ संकेतस्थळावर ते विनामूल्य थेट पाहता येत होते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते; त्या वेळी आपल्याकडे सकाळचे साडेसहा झालेले होते. चांद्रयान-३ आदल्याच संध्याकाळी चंद्रावर उतरल्यामुळे त्या सकाळी मुलांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता, तरीही वाद थेट पाहायला बरीच मुले मंडळात वेळेवर आली. प्रत्येकाच्या हाती आम्ही स्पर्धेचे नेहमीचेच गुणपत्रक दिले : आशय, मांडणी, खंडन, भाषा आणि वेळेचे भान. अमेरिकी राजकारणाची फारशी माहिती नसली तरी या पाच रकान्यांत प्रामाणिकपणे गुण भरावेत, एवढीच अपेक्षा होती.

ज्यांना ही पद्धत परिचयाची नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. आपल्याकडे तिकीट कोणाला द्यायचे हे पक्षश्रेष्ठी ठरवतात. इच्छुक मुंबई-दिल्लीच्या वाऱ्या करतात आणि यादी जाहीर होईपर्यंत सामान्य मतदाराला कोणी काही विचारत नाही. अमेरिकेत हे तिकीटवाटप राज्याराज्यांतील प्राथमिक निवडणुकांमधून, मतदारांच्याच हातून होते. त्यामुळे एकाच पक्षाची, जवळजवळ एकाच विचाराची माणसे एकमेकांसमोर उभी ठाकतात. सगळेच वक्ते विषयाच्या बाजूने बोलणार असतील तर खंडन कोणाचे करायचे, ही अडचण आपल्या स्पर्धांतील मुलांना सहसा येत नाही. मिलवॉकीत ती प्रत्येकाला आली, आणि माणसे ओळखता आली ती तिथेच.

व्यासपीठावर येण्यासाठी पक्षाने अटी घातल्या होत्या : किमान ४०,००० वेगवेगळे देणगीदार, ठरावीक जनमत चाचण्यांत किमान १ टक्का पाठिंबा, आणि अखेरीस जो कोणी पक्षाचा उमेदवार ठरेल त्याच्या पाठीशी उभे राहण्याची लेखी हमी. पहिल्या अटीतून काय निष्पन्न होते हे नॉर्थ डकोटाचे तेव्हाचे गव्हर्नर डग बर्गम यांनी दाखवून दिले. एक डॉलर देणगी देणाऱ्याला त्यांनी वीस डॉलरचे गिफ्ट कार्ड देऊ केले आणि देणगीदारांचा आकडा गाठला. लोकांचा आधार मोजण्यासाठी ठेवलेली फूटपट्टी तिथेच निकामी झाली, आणि तरी ती कोणी बदलली नाही. दुसरीकडे, चाचण्यांत सर्वांच्या कितीतरी पुढे असलेले डोनाल्ड ट्रम्प आलेच नाहीत. त्याच वेळी फॉक्सचे माजी सूत्रसंचालक टकर कार्लसन यांनी घेतलेली त्यांची मुलाखत एक्सवर प्रसारित झाली, आणि दुसऱ्या दिवशी, २०२० च्या निवडणुकीचा निकाल उलटवण्याच्या प्रयत्नाबद्दल जॉर्जिया राज्यात भरलेल्या खटल्यात, ते अटलांटाच्या तुरुंगात शरण जाणार होते. गैरहजर स्पर्धकाला आपण शून्य देतो. इथे मात्र प्रत्येक उत्तरावर गैरहजर माणसाचीच सावली होती, आणि तरीही त्यांच्याविषयीचा थेट प्रश्न विचारायला वाहिनीने जवळजवळ एक तास घेतला. मतदाराला ज्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत आधी हवे होते तो मागे ठेवणे, ही या कार्यक्रमाची मला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट आहे.

ब्रेट बेअर आणि मार्था मॅकॅलम या सूत्रसंचालकांनी उत्तराला एक मिनिट, प्रत्युत्तराला अर्धे मिनिट आणि समारोपाला ४५ सेकंद असे वेळेचे गणित ठेवले होते. दोन तास आठ जणांत सरळ वाटले तरी प्रत्येकी पंधरा मिनिटे येतात. जाहिराती, प्रश्न आणि गोंधळ वजा जाता माजी उपाध्यक्ष माइक पेन्स यांना १२ मिनिटांहून थोडी अधिक मिळाली, तर आर्कान्सॉचे माजी गव्हर्नर एसा हचिन्सन यांच्या वाट्याला सुमारे ७ मिनिटे आली. वेळ संपल्याची घंटा होत राहिली आणि तिला कोणी जुमानले नाही. आपल्याकडे दुसऱ्या घंटेनंतर बोलत राहिल्यास गुण कापले जातात, म्हणून नववीतला मुलगाही वाक्य आवरते घेतो. हिवाळी अधिवेशनात विधान भवनाच्या गॅलरीत बसलेल्या नागपूरकराने गदारोळ पुष्कळ पाहिलेला असतो; पण तिथे अध्यक्ष सदस्याला खाली बसवू शकतात, शब्द कामकाजातून काढून टाकू शकतात, वेळ पडल्यास सभागृह तहकूब करू शकतात. मिलवॉकीच्या सूत्रसंचालकांच्या हाती विनंतीपलीकडे काहीच नव्हते. प्रेक्षकांची हुर्यो थांबेना तेव्हा बेअर यांना मागे वळून त्यांची समजूत काढावी लागली. पक्षाच्या समर्थकांनी भरलेले सभागृह उत्तरांना जागच्या जागी बक्षीस किंवा शिक्षा देत असेल, तर उमेदवार घरी बसलेल्या मतदाराशी बोलणे सोडून समोरच्या गर्दीशी बोलू लागतो, आणि त्या रात्री बहुतेकांनी तेच केले.

याहून निराळा वाद होऊ शकतो याला अमेरिकेच्याच इतिहासात आधार आहे. १७ मे १९४८ रोजी ओरेगॉन राज्यात याच पक्षाचे दोन इच्छुक, थॉमस ड्यूई आणि हॅरल्ड स्टॅसन, नभोवाणीवर सुमारे तासभर एकाच प्रश्नावर बोलले : कम्युनिस्ट पक्षावर कायद्याने बंदी घालावी की नाही. स्टॅसन बंदीच्या बाजूने होते आणि ड्यूई विरोधात. साम्यवादाची धास्ती घेतलेल्या देशात, त्यातही स्वतःच्या पक्षाच्या मतदारांसमोर, ड्यूई यांनी विचाराला कायद्याने गाडता येत नाही ही बाजू लढवली आणि काही दिवसांनी ओरेगॉनची निवडणूक जिंकली. एक विषय, एक अनुकूल वक्ता, एक प्रतिकूल वक्ता. आपल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचा साचा याहून वेगळा नाही. पुढे दूरचित्रवाणी आली, व्यासपीठ गजबजत गेले आणि एकेका प्रश्नाच्या वाट्याची मिनिटे घटत गेली.

मिनिटे घटली की लक्षात राहते ते वाक्य किंवा चूक. रोनाल्ड रेगन यांनी १९८० साली न्यू हॅम्पशरमधील नॅशुआ येथील वादात, या ध्वनिक्षेपकाचे पैसे मी भरले आहेत, असे सूत्रसंचालकाला ठणकावले आणि सभा जिंकली. त्या दिवशी ते धोरणाविषयी काय बोलले हे आज कोणाला आठवत नाही. टेक्सासचे तेव्हाचे गव्हर्नर रिक पेरी यांना २०११ सालच्या वादात आपण बंद करू म्हणत असलेल्या तीन सरकारी खात्यांपैकी तिसऱ्याचे नाव भर व्यासपीठावर सुचले नाही आणि त्यांची मोहीम पुन्हा सावरली नाही. ते खाते ऊर्जा खाते होते, आणि २०१७ साली पेरी त्याच खात्याचे मंत्री झाले. माझ्या गुणपत्रकात अशा विसराळूपणासाठी एखादा गुण कमी होईल, त्याहून जास्त नाही. फ्लोरिडाचे तेव्हाचे सिनेटर मार्को रुबिओ यांचे प्रकरण वेगळे. फेब्रुवारी २०१६ मध्ये न्यू हॅम्पशरच्या वादात न्यू जर्सीचे तेव्हाचे गव्हर्नर ख्रिस ख्रिस्टी (मिलवॉकीच्या आठांतही ते होते) यांनी त्यांच्यावर, हे पाठ केलेली वाक्ये म्हणतात, असा आरोप केला, आणि रुबिओ यांनी उत्तरादाखल तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हटले. तिथे प्रश्न स्मरणाचा नव्हता. समोरच्याचा मुद्दा ऐकून त्यावर विचार करण्याची तयारीच दिसली नाही, आणि खंडनाच्या रकान्यात शून्य पडावे ते यासाठीच.

माझे स्वतःचे माप असे आहे : ज्या उत्तराने उमेदवाराचे समोरच्या सभागृहात नुकसान होणार आहे आणि हे त्याला ठाऊक आहे, अशी किती उत्तरे त्याने दिली ते मोजावे. टाळीचे वाक्य सगळेच घरून आणतात. अध्यक्षपदावर बसल्यावर मात्र स्वतःच्या माणसांना नको असलेली गोष्ट सांगण्याची वेळ वारंवार येते, आणि तिची थोडीफार चाहूल वादात लागू शकते.

या मापाने विवेक रामस्वामी यांचे काय होते ते पाहण्यासारखे आहे. अडतीस वर्षांचे हे उद्योजक त्या रात्री सर्वाधिक चर्चेत राहिले. आवाज, हसरा चेहरा, कॅमेऱ्यावरची नजर, वाक्याची फेक, कशातही उणे नव्हते. 'या व्यासपीठावर विकला न गेलेला मी एकटाच' अशा अर्थाचे विधान करून त्यांनी सात जणांना एकाच वाक्यात अंगावर घेतले. ख्रिस्टी यांनी त्यांची तुलना चॅटजीपीटीशी केली. मंडळातल्या, विधी शाखेच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचे गुणपत्रक मी जपून ठेवले आहे. तिने रामस्वामींना मांडणीत दहापैकी नऊ दिले आहेत. आशयात आधी आठ लिहून ते खोडले आहेत आणि चार केले आहेत. शेजारी बारीक अक्षरात लिहिले आहे : 'ट्रम्प या शतकातील सर्वोत्तम अध्यक्ष, मग हे त्यांच्याविरुद्ध का उभे?' रामस्वामी खरोखरच तसे म्हणाले होते, आणि या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या कोणत्याही वाक्यात सापडत नाही. हवामानबदलाची धोरणे थोतांड आहेत असे म्हणून त्यांनी हुर्यो ओढवून घेतली हे खरे, परंतु मुख्य प्रश्नावर ते पूर्ण वेळ सभागृहाच्या कलाने बोलले. युक्रेनला आणखी मदत देण्याला त्यांनी उघड विरोध केला. ती भूमिका मला पटत नसली तरी ती स्पष्ट होती आणि स्पष्टतेचे गुण त्यांना मिळायला हवेत.

दक्षिण कॅरोलायनाच्या माजी गव्हर्नर निक्की हेली यांना आमच्याकडे एकूण सर्वाधिक गुण पडले. अर्थव्यवस्थेवर बोलताना त्यांनी बायडेन यांच्यावर सगळे ढकलून टाळ्या घेण्याचा सोपा मार्ग सोडला आणि आपल्याच पक्षाने खर्च वाढवला, ट्रम्प यांच्या काळात कर्जात आठ लाख कोटी डॉलरची भर पडली, असे पक्षाच्या प्रेक्षकांना तोंडावर सांगितले. गर्भपाताच्या प्रश्नावर पेन्स देशभर बंदीचा आग्रह धरत असताना त्यांनी असा कायदा पुढे नेण्यासाठी सिनेटमध्ये लागणाऱ्या ६० मतांचा हिशेब मांडला : तेवढी मते नाहीत, तेव्हा अशक्य गोष्टीचे आश्वासन देऊ नका आणि ज्यावर एकमत होऊ शकते ते बोला. पेन्स यांनी, सहमती शोधणे हे नेतृत्वाच्या उलट आहे, असे प्रत्युत्तर दिले. संपूर्ण दोन तासांतला हा सर्वोत्तम भाग होय, कारण इथे दोन माणसे एकाच मुद्द्यावर, एकमेकांचे ऐकून, खरोखर भिन्न मत मांडत होती. रामस्वामी यांना हेली यांनी परराष्ट्र धोरणाचा अनुभव नसल्यावरून सुनावले तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. शेरा वैयक्तिक होता; पण त्याआधी युक्रेन, तैवान आणि इस्रायल या तिन्हींचा उल्लेख होता, म्हणून मी तो खंडनात धरला.

हेली आणि रामस्वामी हे दोघेही भारतीय मातापित्यांची मुले, हा विषय आमच्या काही पालकांना फार जवळचा वाटला. त्यांच्या अभिमानाचा मी आदर करते, परंतु गुणपत्रकात त्यासाठी रकाना नाही आणि नसावा. त्याच वादात हेली यांनी हवामानबदल खरा असल्याचे मान्य केले आणि लगेच, उत्सर्जन कमी करायला चीनला आणि भारताला सांगितले पाहिजे, असे म्हटले. त्या अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी उभ्या होत्या आणि अमेरिकेच्या मतदाराशी बोलत होत्या. त्यांना मोजायचे ते त्याच मापाने.

पेन्स यांच्याविषयी माझे मत हा वाद पाहताना सुधारले. ६ जानेवारी २०२१ रोजी संसदेत मतमोजणी होत असताना, ट्रम्प यांच्या पराभवाचा निकाल उलटवण्यास उपाध्यक्ष म्हणून त्यांनी नकार दिला ते योग्य होते का, असे इतरांना विचारले गेले. दक्षिण कॅरोलायनाचे सिनेटर टिम स्कॉट यांनी निःसंदिग्ध होकार दिला, ख्रिस्टी यांनी पेन्स यांचे आभार मानले पाहिजेत असे सांगितले, आणि फ्लोरिडाचे गव्हर्नर रॉन डीसँटिस यांनी आधी विषय टाळून, आग्रह झाल्यावर, पेन्स यांनी कर्तव्य केले, असे म्हणून सुटका करून घेतली. डीसँटिस यांची मुख्य अडचण हीच होती. मध्यभागी उभे असूनही ते वादाच्या कडेला राहिले, आणि एकही प्रसंग असा आला नाही की ज्यात त्यांनी स्वतःहून काही पणाला लावले. हवामानबदलावर हात वर करण्याची सूचना आली तेव्हा मात्र, आम्ही शाळकरी मुले नाही, चर्चा करू या, ही त्यांची हरकत रास्त होती. ख्रिस्टी आणि हचिन्सन सतत हुर्यो झेलत राहिले. त्यांतल्या हचिन्सन यांनी, बंडात सामील झालेल्यांना पदबंदी करणाऱ्या चौदाव्या घटनादुरुस्तीचा आधार घेऊन, ट्रम्प निवडणुकीस अपात्र ठरू शकतात, असा कायद्याचा मुद्दा मांडला, जो पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ४ मार्च २०२४ रोजी फेटाळला गेला. मुद्दा टिकला नाही, तरी वादात तो साधार मांडला गेला होता. स्कॉट सभ्य आणि निष्प्रभ. बर्गम आदल्या दिवशी बास्केटबॉल खेळताना पायाला झालेल्या दुखापतीनिशी दोन तास उभे राहिले आणि खिशातून राज्यघटनेची छोटी प्रत काढून गर्भपाताचा प्रश्न राज्यांकडे सोपवण्याविषयी बोलले. त्यांना अधिक वेळ मिळायला हवा होता.

आता तो हात वर करण्याचा प्रसंग. ट्रम्प खटल्यात दोषी ठरले आणि तरीही पक्षाचे उमेदवार झाले तर पाठिंबा देणार का, असे विचारताच रामस्वामींचा हात तत्काळ वर गेला. डीसँटिस यांनी डावी-उजवीकडे पाहून घेतले आणि मग हात उचलला. एकूण सहा हात वर झाले. हेली आणि पेन्सही त्यांत होते. हचिन्सन यांनी हात उचलला नाही, आणि ख्रिस्टी यांनी अर्धवट उचललेल्या हाताचे बोट हलवून नकार स्पष्ट केला. हात वर करवून घेणे ही प्रश्न विचारण्याची उथळ रीत आहे, कारण तिच्यात कारण सांगायला जागा नसते. परंतु त्या वेळी जर-तरचा वाटलेला हा प्रश्न ३० मे २०२४ रोजी वास्तवात उतरला. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने ट्रम्प यांना ३४ आरोपांत दोषी ठरवले, आणि जुलैमध्ये मिलवॉकीच्या त्याच फायसर्व्ह फोरम सभागृहात पक्षाने त्यांना उमेदवार म्हणून जाहीर केले. त्या अधिवेशनात हेली त्यांच्या पाठिंब्याचे भाषण करायला उभ्या राहिल्या. त्या रात्री आम्ही सर्वाधिक गुण दिलेल्या उमेदवाराने या एका ठिकाणी सभागृहाचा कल मान्य केला होता, आणि तेवढे गुण मी तेव्हाही कापले होते.

निकालाच्या कसोटीवर हा वाद दुसऱ्या क्रमांकासाठीचा ठरला. १५ जानेवारी २०२४ रोजी आयोवा राज्यातील पक्षांतर्गत लढतीत ट्रम्प यांना ५१ टक्के मते मिळाली, डीसँटिस यांना २१ आणि हेली यांना १९. रामस्वामी यांनी त्याच रात्री माघार घेतली. हेली ६ मार्चपर्यंत लढल्या आणि त्यांना वॉशिंग्टन शहर व व्हरमाँट राज्य एवढेच जिंकता आले. ट्रम्प उमेदवारीच्या संपूर्ण हंगामात पक्षाच्या एकाही वादाला आले नाहीत. यावरून अशा वादांचा उपयोगच नाही असे आमचे काही सहकारी म्हणतात. मला ते पटत नाही. २७ जून २०२४ रोजी अटलांटात सीएनएनने ट्रम्प आणि बायडेन यांचा जो वाद घेतला त्यात प्रेक्षक नव्हते, आणि एकाची पाळी नसताना त्याचा ध्वनिक्षेपक बंद ठेवला जात होता. त्यानंतर एका महिन्याच्या आत, २१ जुलैला, बायडेन यांनी उमेदवारी सोडली. प्रेक्षक नसले आणि उत्तर ऐकू येईल एवढी शांतता असली, तर दूरचित्रवाणीचा वाद मतदाराला हवे ते दाखवतो. मिलवॉकीच्या संयोजकांना या दोन्ही गोष्टी करता आल्या असत्या.

शिक्षकांना आणि मंडळांना माझी शिफारस अशी की हे चित्रमुद्रण सलग दाखवू नये. अर्थव्यवस्था आणि गर्भपात हे भाग पूर्ण दाखवावेत, युक्रेनवरचा भाग त्यानंतर. समारोपाची पंचेचाळीस सेकंदांची भाषणे वगळली तरी चालतील, कारण ती पाठांतरे आहेत. दर भागानंतर थांबून आधी आशय आणि खंडनाचे गुण भरून घ्यावेत. मांडणीचा रकाना शेवटी उघडावा, नाहीतर रामस्वामी सगळेच गुण घेऊन जातात. हात वर करण्याचा प्रसंग एकदा आवाज बंद ठेवून दाखवावा आणि मुलांना हात कोणत्या क्रमाने वर गेले ते लिहून घ्यायला सांगावे. ज्यांना नुसती करमणूक हवी आहे किंवा ज्यांचा कौल आधीच ठरलेला आहे, त्यांनी यावर दोन तास खर्च करण्याची गरज नाही.